चुन्याच्या भट्ट्या आणि रोमची स्तुती : पोज्जो, बिओंदो आणि त्यांची पिढी

चिरेबंदी

प्राचीन रोममधला एखादा संगमरवरी खांब मध्ययुगात कोसळला की त्याचं पुढे काय व्हायचं? बऱ्याचदा त्याचे तुकडे व्हायचे आणि ते चुन्याच्या भट्टीत जायचे. संगमरवर हा मुळात चुन्याचाच दगड. तो भरपूर तापवला की कळीचा चुना मिळतो, आणि नव्या घरांना, नव्या चर्चना चुना तर हवाच होता. पुतळा असो, शिलालेख असो की कोरीव तुळई, भट्टीला सगळं सारखंच. रोममधल्या आजच्या लार्गो आर्जेन्तिना चौकाच्या परिसराला एके काळी या भट्ट्यांवरूनच कालकारारिओ असं नाव पडलं होतं.

भट्ट्या पेटलेल्या होत्या त्याच शहरात, त्याच वर्षांत, त्याच दगडांची स्तुती लिहिणारी माणसंही होती. त्यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

आधी त्यांच्यापूर्वीचं चित्र. बाराव्या शतकापासून रोमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी 'मिराबिलिया' नावाची पुस्तिका प्रचलित होती. त्यात शहरातल्या जुन्या वास्तूंची माहिती आहे, पण ती दंतकथांनी भरलेली. किरिनाल टेकडीवरच्या घोड्यांच्या पुतळ्यांपाशी फिडियास आणि प्राक्सितेलीस या प्राचीन ग्रीक शिल्पकारांची नावं कोरलेली होती, तर पुस्तिकेत ते दोघे तरुण तत्त्वज्ञ होऊन सम्राटाला भेटायला येतात. वास्तूबद्दल आदर होता, कुतूहल होतं, पण ती कोणी आणि कधी बांधली हे तपासायची पद्धत नव्हती.

इटालियन कवी पेत्रार्क १३३७ मध्ये पहिल्यांदा रोमला आला. पुढे १३४१ मध्ये कॅपिटोल टेकडीवर त्याला कवी म्हणून लॉरेलचा मुकुट मिळाला. जोव्हान्नी कोलोन्ना या धर्मबंधूला लिहिलेल्या पत्रात तो त्यांच्या भटकंतीची आठवण काढतो. दोघं दिवसभर शहर पालथं घालायचे आणि दमले की डायोक्लिशनच्या स्नानगृहांच्या कमानदार छतावर जाऊन बसायचे. तिथे मोकळी हवा, दूरवरचं दृश्य आणि शांतता. समोर पडलेलं शहर बघत ते इतिहासावर बोलायचे. त्याच पत्रात तो म्हणतो की रोमची ओळख सर्वांत कमी कुठे असेल तर ती रोममध्येच. त्याला प्रत्येक जागी एक प्रसंग दिसतो : इथे दंतकथेतला राजा इव्हँडर राहायचा, इथे काकस राक्षसाची गुहा. रोमन इतिहासकार लिव्ही आणि कवी व्हर्जिल त्याला तोंडपाठ होते आणि त्यांचं बोट धरून तो चालतो. दगडावर काय कोरलंय याकडे मात्र त्याचं लक्ष कमी.

इथे पोज्जो ब्राच्चोलिनी येतो. हा पोपच्या कचेरीतला सचिव. मठामठांतून जुनी हस्तलिखितं शोधून काढणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण शिलालेखांचाही तो तेवढाच वेडा. रोमच्या तटाला लागून एक पिरॅमिड आहे. लोक त्याला रोमच्या स्थापनेच्या दंतकथेतल्या रेमसची कबर म्हणायचे आणि पेत्रार्कनेही तसंच लिहिलं. पोज्जोला याचं नवल वाटतं, कारण गायस सेस्टियसचं नाव पिरॅमिडवरच ठळक कोरलेलं आहे. त्याचा अंदाज असा, की लेख झुडपांनी झाकला होता आणि ती बाजूला करून वाचायचे कष्ट पेत्रार्कने घेतले नाहीत. दोघांमध्ये शंभर वर्षंही नाहीत, पण बघण्याची रीत पार बदलली आहे.

पोज्जोचं पुस्तक नशिबाच्या फेऱ्यांवर आहे. ते पुरं झालं १४४८ मध्ये, पण त्यातला प्रसंग पोप मार्टिन पाचव्याच्या शेवटच्या दिवसांतला, म्हणजे १४३१ च्या जरा आधीचा. पोज्जो आणि त्याचा मित्र आंतोनिओ लोस्की कॅपिटोल टेकडीवर चढतात, घोड्यांवरून उतरतात आणि तिथल्याच भग्नावशेषांत बसतात. व्हर्जिलने लिहिलं होतं की आज सोन्याने मढलेली ही टेकडी पूर्वी रानझुडपांनी भरलेली होती. तीच ओळ ते उलटी फिरवतात : तेव्हा सोनं होतं, आता काटेरी झुडपं. पुढे इंग्रज इतिहासकार गिबनने रोमच्या ऱ्हासावरच्या आपल्या इतिहासाचं शेवटचं प्रकरण याच दृश्यापासून सुरू केलं.

त्या प्रकरणात शोक आहेच. मला मात्र पोज्जो ज्या बारकाईने यादी करतो ती जास्त मोलाची वाटते. कुठली कमान उभी आहे, कुठल्या देवळाचे खांब शिल्लक आहेत, तट किती लांब, वेशी किती, लेखात काय म्हटलंय. एका देवळाबद्दल तो सांगतो, की मी रोमला पहिल्यांदा आलो तेव्हा हे जवळजवळ पूर्ण होतं, फार देखणं संगमरवरी काम. नंतर रोमच्या लोकांनी चुन्यासाठी अख्खं देऊळ आणि पुढच्या मंडपाचा काही भाग पाडला. आपियन रस्त्यावरच्या सेसिलिया मेटेलाच्या समाधीचीही तीच गत. एका माणसाच्या नोकरीच्या काळात डोळ्यांदेखत नाहीशा होणाऱ्या वास्तूंची ही नोंद आहे.

फ्लाव्हिओ बिओंदो हा त्याचाच सहकारी. पोप युजीन चौथा नऊ वर्षं रोमबाहेर राहून १४४३ मध्ये परतला, आणि १४४४ ते १४४६ या काळात बिओंदोने 'रोमा इन्स्ताउराता' लिहिलं. रोमची पुन्हा उभारणी, असा त्याचा विषय. वेशी, टेकड्या, स्नानगृहं, नाट्यगृहं, देवळं अशा क्रमाने तो शहर घेतो आणि फ्रॉन्टिनस, लिव्ही हे रोमन लेखक, जुन्या प्रभागयाद्या, शिलालेख यांची एकमेकांशी ताडणी करून प्रत्येक अवशेषाचं खरं नाव ठरवायचा प्रयत्न करतो. पोप विटा आणि चुन्याने शहर दुरुस्त करतोय, मी ते अक्षरांनी करतोय. यातलं जास्त काय टिकेल, असा प्रश्न तो अर्पणपत्रिकेत विचारतो. आणि मध्येच तो थांबून सांगतो, की जिथे भव्य इमारती पाहिल्या तिथे आता द्राक्षमळे दिसतात, आणि त्यांचे ताशीव दगड चुन्यासाठी भाजले गेले.

माझं म्हणणं असं : या लोकांची स्तुती हे वास्तुसंरक्षणाचं पहिलं काम आहे. त्यांच्या हातात अधिकार नव्हता, पैसा नव्हता. पण 'हे काय आहे, कोणाचं आहे आणि का थोर आहे' हे लिहून ठेवल्याशिवाय पाडणाऱ्याला अडवायला आधारच उरत नाही. तुम्हाला काय वाटतं?

रानवाट

लेख फार आवडला. पण याला स्तुती म्हणावं का? पोज्जोच्या त्या प्रसंगात मला तरी विलापच ऐकू येतो. शहराची स्तुती म्हटलं की मला लिओनार्दो ब्रुनीचं फ्लॉरेन्सवरचं लेखन आठवतं, साधारण १४०३-०४ चं. तिथे शहर जिवंत आहे. मध्यभागी राज्यकारभाराचा उंच वाडा, भोवती घरं, मग तट, मग उपनगरं, मग शेतीवाड्या, अशी वर्तुळामागून वर्तुळं ढालीसारखी पसरलेली. रस्ते स्वच्छ, नदी शहरातून वाहतेय. तो माणूस आपल्या गावावर मनापासून खूश आहे. रोमवर लिहिणाऱ्यांकडे खूश व्हायला काय होतं? फोरमला, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाला, लोक गाईंचं माळरान म्हणत आणि कॅपिटोलला बोकडांची टेकडी.

बोरू

रानवाट, ब्रुनीचं उदाहरण अगदी योग्य. फक्त एक बघा : ब्रुनीसुद्धा प्राचीन रोमवरच उभा आहे. फ्लॉरेन्सची स्थापना रोमन प्रजासत्ताकाच्या काळात झाली, सम्राटांच्या नव्हे, यावर त्याचा सगळा भर. फ्लॉरेन्समधली बाप्तिस्मा देण्याची अष्टकोनी वास्तू मूळची मार्स देवाचं रोमन देऊळ आहे, असं तेव्हाच्या फ्लॉरेन्सवासीयांना पक्कं वाटायचं. आपल्या शहराला प्राचीन वास्तू हवी ही ओढ तिथेही आहेच.

या लेखनप्रकाराविषयी थोडं. शहराची स्तुती कशी करावी याचे ग्रीक वक्तृत्वशास्त्रात नियमच होते. शहराचं स्थान, हवा, पाणी, बंदर, किल्ला, मग स्थापना करणारे, मग नागरिकांचे गुण. एलियस अरिस्टायडीसने अथेन्सवर असं भाषण रचलं आणि ब्रुनीने तेच समोर ठेवलं. मध्ययुगीन इटलीतही स्तुती होतीच. मिलानच्या बोन्व्हेसिनने १२८८ मध्ये आपल्या शहरात काय काय आणि किती किती आहे ते मोजून लिहिलं. पण त्यात वर्तमानाचा अभिमान आहे, पडक्या वास्तूकडे बघून आनंद व्हावा ही कल्पना नाही.

ती कल्पना मला सर्वांत स्पष्ट दिसते मानुएल ख्रिसोलोरासकडे, आणि त्याचा उल्लेख धाग्यात यायलाच हवा. हा कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान. १३९७ मध्ये फ्लॉरेन्सला ग्रीक शिकवायला आला. ब्रुनी त्याचाच विद्यार्थी. १४११ मध्ये त्याने रोमहून बायझंटाईन सम्राटाला एक लांबलचक पत्र लिहिलं, जुन्या आणि नव्या रोमची तुलना करणारं. नवं रोम म्हणजे कॉन्स्टँटिनोपल. आई आणि मुलगी असं नातं लावून तो दोन्ही शहरांची स्तुती करतो.

त्या पत्रातला कमानींवरच्या शिल्पपटांचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. तो म्हणतो, हेरोडोटस वगैरेंनी इतिहास लिहिले ते उपयोगी आहेतच. पण या दगडांवर त्या काळची शस्त्रं, कपडे, सैन्याची रचना, वेढे, मिरवणुका, यज्ञ हे सगळं साक्षात डोळ्यांना दिसतं. म्हणजे शिल्प हा इतिहासाचा पुरावा आहे, आणि काही बाबतींत लिखाणापेक्षा सरस. १४११ साली! रोम स्वतःचीच खाण बनून स्वतःलाच खातंय हेही त्याने तिथेच नोंदवलंय, आणि तरी तो म्हणतो की हे ढिगारेसुद्धा मूळ काम किती सुंदर असेल ते सांगतात. यात विलाप कमी आणि आनंद जास्त आहे.

माळावरचा

सगळं वाचतोय, फार छान चाललंय. मला भट्टी लावणाऱ्यांबद्दल बोलायचंय.

आपण वाचतो ते सगळं पोपच्या कचेरीतल्या शिकलेल्या लोकांनी लिहिलेलं. त्यांच्या लेखनात 'रोमचे लोक' अडाणीपणे दगड जाळतात. पण तेव्हाचं रोम बघा. तटाच्या आतली बहुतेक जमीन मळे आणि कुरणं झालेली, वस्ती टायबर नदीच्या वळणात गोळा झालेली. त्या माणसांना घर बांधायला हाताशी असलेला दगडच परवडणार.

आणि मोठी तोड त्यांनी केलीच नाही, ती पोपांच्या बांधकामांनी केली. १४५२ मध्ये एका कंत्राटदाराने कोलोसियममधून नऊ महिन्यांत २५२२ गाड्या दगड वाहून नेला. तेव्हा पोप होता निकोलस पाचवा, मानवतावाद्यांचा, म्हणजे पोज्जोसारख्या प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकांचा लाडका, ग्रंथसंग्राहक. पोज्जोने आपलं नशिबावरचं पुस्तक त्यालाच अर्पण केलं होतं! त्यामुळे 'स्तुती म्हणजे संरक्षण' हे मला पटत नाही. ज्याला स्तुती वाचून दाखवली तोच दगड नेत होता.

चिरेबंदी

माळावरचा, तुमचा मुद्दा जड आहे आणि मी तो टाळणार नाही. पण पुढच्या दहा वर्षांत काय झालं तेही बघू या.

एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी या मानवतावादी लेखकाने रोमच्या अवशेषांवर एक छोटी कविता लिहिली आहे. रोम, तुझे भग्नावशेष बघायला मला आवडतं. तुझ्या पडझडीतूनच तुझं जुनं वैभव दिसतं. पण हे लोक जुन्या भिंतींतला संगमरवर उपटून चुन्यासाठी जाळतायत, आणखी तीनशे वर्षं असंच चाललं तर थोरवीची खूणही उरणार नाही, असा तिचा आशय. हाच माणूस १४५८ मध्ये पोप पायस दुसरा झाला, आणि २८ एप्रिल १४६२ रोजी त्याने फर्मान काढलं की शहरातल्या आणि आसपासच्या प्राचीन इमारती कोणीही पाडू नयेत, फोडू नयेत, चुन्यासाठी जाळू नयेत. खासगी जमिनीवर असल्या तरीही नाही.

कवितेतली तक्रार कायद्यात आली, तीही त्याच माणसाच्या हातून. फर्मान नीट पाळलं गेलं नाही हे खरंय. त्याच्या स्वतःच्या बांधकामांनाही जुना दगड लागतच राहिला. तरी प्राचीन वास्तू पाडणं हा गुन्हा आहे असं राज्यकर्त्याने लिहून देणं, यासाठी आधी दोन पिढ्यांनी त्या वास्तूंना नावं आणि इतिहास दिलेला असावा लागतो असं मला ठामपणे वाटतं.

गिलावा

मी वास्तुरचनेचं काम करते, त्यामुळे या विषयाचा मोजमापाचा भाग मला जवळचा. दोन गोष्टी सांगते.

पहिली, वास्तुकार आणि लेखक आल्बेर्ती. १४४० च्या दशकात त्याने रोमचं एक छोटेखानी वर्णन लिहिलं, त्यात विशेषणं जवळजवळ नाहीतच. कॅपिटोल टेकडी हा मध्य धरायचा. एक गोल चकती घ्यायची, तिच्या कडेचे ४८ भाग करायचे. मध्यावर फिरणारी पट्टी बसवायची, तिचे ५० भाग. मग प्रत्येक वेस, देऊळ, तटाचा कोपरा यासाठी दोन आकडे : कडेवर कुठे आणि पट्टीवर किती अंतरावर. आकड्यांचे तक्ते दिलेत. नकाशा नकलताना बिघडतो, पण आकडे असतील तर कोणीही तो पुन्हा काढू शकतो हा त्यामागचा विचार. पोज्जो वेशी मोजतो, बिओंदो नावं लावतो आणि आल्बेर्ती जागा पक्की करतो, तिघंही एकाच दशकात.

दुसरी, चित्रकार आणि वास्तुकार राफाएलचं पोप लिओ दहाव्याला लिहिलेलं पत्र, साधारण १५१९ चं. भाषेसाठी त्याला बाल्दास्सारे कास्तिल्योनेची मदत होती. राफाएल म्हणतो, रोम लुटणाऱ्या गॉथ आणि व्हँडल टोळ्यांना आपण दोष देतो, पण ज्यांनी या अवशेषांचं पालकत्व घ्यायचं त्या पोपांनीच किती देवळं, कमानी, पुतळे पाडू दिले. नवं रोम आपण बघतो, त्याचे वाडे, चर्च, सगळं प्राचीन संगमरवराच्या चुन्याने बांधलंय. तो रोममध्ये आल्यापासून बारा वर्षंही झालेली नाहीत आणि एवढ्यात काय काय गेलं याची तो नावं देतो. हे सगळं तो पोपलाच लिहितोय, ज्याच्या पगारावर तो आहे. मला या धैर्याचं फार कौतुक वाटतं.

मग पत्र वळतं ते पद्धतीकडे. होकायंत्र बसवलेल्या चकतीने इमारतीची मोजणी कशी घ्यायची, आणि इमारत तीन प्रकारे कशी रेखाटायची : प्लॅन, बाहेरचं एलेव्हेशन आणि आतलं. चित्रकार डोळ्याला दिसेल तसं लहान होत जाणारं अंतर काढतो. वास्तुकाराने तसं करू नये, कारण त्यातून माप घेता येत नाही. आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हेच शिकवतात. कॉन्स्टंटाईनच्या कमानीवरचं त्याचं मतही वाचण्यासारखं : कमानीची रचना उत्तम, तिच्या स्वतःच्या काळातली शिल्पं कच्ची, आणि जी चांगली आहेत ती आधीच्या सम्राटांच्या स्मारकांवरून आणून बसवलेली. नुसतं बघून काळ ओळखणं यालाच म्हणतात.

माळावरचा यांच्या मुद्द्याला जोडून : १५१५ मध्ये लिओने राफाएलला रोमच्या दगडांचा देखरेखदार नेमलं, ते मुख्यतः सेंट पीटरच्या बांधकामाला दगड मिळावा म्हणून. त्याच आदेशात अट होती की शिलालेख असलेला दगड राफाएलच्या परवानगीशिवाय कोणी फोडला तर १०० ते ३०० सुवर्णमुद्रा दंड. दगड न्यायचाही तोच आणि अक्षर वाचवायचंही त्यानेच. ६ एप्रिल १५२० ला तो गेला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, आणि प्राचीन रोमचा नकाशा अपुरा राहिला.

मीठागर

वाचनखूण साठवली. बोरू, ख्रिसोलोरासवर स्वतंत्र धागा काढाच. पुढील लेखनास शुभेच्छा.

कोकणकडा

या परंपरेचं एक टोक आपल्या दारात पोचलंय.

दों जुआंव द काश्त्रु हा पोर्तुगीज खानदानी दर्यावर्दी. गणित, होकायंत्र आणि लॅटिन ग्रंथ यांत मुरलेला. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला आणि १५४८ मध्ये तिथेच वारला. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत जाताना त्याने किनाऱ्याची नोंदवही ठेवली. त्यात घारापुरीची लेणी आहेत आणि कान्हेरीचीही. घारापुरीला तो मापं घेतो आणि एकेका शिल्पाचं वर्णन करतो. मूर्तींची प्रमाणबद्धता अशी, की कुठल्याही चित्रकाराने, मग तो अपेलीस का असेना, इथे येऊन शिकावं असं तो लिहितो. अपेलीस म्हणजे ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ चित्रकार. शिवाच्या लेण्याला त्याने थेट प्राचीन ग्रीसचं माप लावलं.

आणि भट्टीची बाजूही इथे आहेच. घारापुरीला एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून लिस्बनला राजाकडे पाठवला, तिथे कोणाला वाचता आला नाही आणि पुढे तो हरवला, असं इतिहासकार दियोगु दु कोउतु सांगतो. लेणी कोणी खोदली याचा वाद आजही मिटलेला नाही. तो एक दगड हाती असता तर आपल्याला केवढं कळलं असतं. पोज्जोने झुडपं बाजूला सारून नुसती अक्षरं उतरवून घेतली, तसं कोणीतरी इथे तेव्हा करायला हवं होतं.

बोरू

कोकणकडा, अप्रतिम भर. चिरेबंदींच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर तुमच्या प्रतिसादात आहे. पोज्जोने उतरवलेल्या लेखांपैकी काहींचे दगड नंतर गेले, मजकूर राहिला. घारापुरीत दोन्ही गेले.

रानवाट

माझं मत अजूनही पोज्जोपुरतं विलापाचंच आहे, पण ख्रिसोलोरासमुळे एकूण चित्र वेगळं दिसतंय. दिवाळीनंतर रोमला जाणं होणार आहे. पोज्जोने पाहिलेलं काय काय बघता येईल? त्याने सांगितलेल्या त्या पाडलेल्या देवळाचं काही उरलंय का?

चिरेबंदी

उरलंय! पोज्जो त्याला कॉन्कॉर्डचं देऊळ म्हणतो, पण ते सॅटर्नचं. त्याने उतरवलेला लेख, आगीत जळालेलं देऊळ रोमच्या सिनेटने आणि लोकांनी पुन्हा बांधलं असं सांगणारा, आजही वरच्या तुळईवर आहे. कॅपिटोलच्या मागच्या बाजूला जाऊन खाली फोरमकडे बघा, अगदी जवळ आठ खांब दिसतील. पोज्जो आणि लोस्की याच टेकडीवर बसले होते.

सेसिलिया मेटेलाची समाधी आपियन रस्त्यावर आहे. वरचे बुरुजासारखे दाते मध्ययुगात त्या जागेची गढी केली तेव्हाचे. खालच्या चौथऱ्याची दगडी सालं सोलून नेलेली स्पष्ट दिसतात, तिथे थोडा वेळ काढा.

पिरॅमिडसाठी मेट्रोच्या बी लाईनवर पिरामिदे स्थानकावर उतरा, समोरच आहे. सेस्टियसचं नाव पूर्व आणि पश्चिम दोन्ही अंगांना कोरलेलं आहे. पूर्वेच्या अंगाला खाली आणखी एक लेख आहे, मृत्युपत्रानुसार हे काम ३३० दिवसांत पुरं केलं असं सांगणारा, आणि त्याच्याही खाली पोप अलेक्झांडर सातव्याच्या १६६३ च्या डागडुजीचा. दुर्बीण असेल तर सोबत घ्या.